जुना गळा नव्यानं पाहणारे डॉक्टरसाहेब

बालाघाटला डॉ. मनोहर डोंगरवार यांच्या दवाखान्यात मी परिचारिकेच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारण्याआधी पेलाभर पाणी हातात दिलं आणि म्हणाले, "प्या." मी उन्हातून आले होते. माणूस भला दिसतो, असं मनात म्हणत घटाघटा प्यायले. वर पाहिलं तर साहेब माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होते. मी पदर सावरला आणि उठणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "गळा उत्तम आहे. उद्यापासून या." त्याला आता बावीस वर्षं झाली.

थायरॉइडची गाठ घोट गिळताना वरखाली होते, म्हणून साहेब येईल त्याला पाणी पाजतात. नवे लोक त्याला पाहुणचार समजतात. आमच्या भागात गळ्याच्या या सुजेला घेंघा म्हणतात, आणि तो घरात जुन्या नातेवाइकासारखा राहतो. आईला होता, आजीला होता, मलाही आहे, असं बाया जवळजवळ कौतुकानं सांगतात. साहेब सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "जुना आहे म्हणून सज्जन आहे, असं धरून चालू नका." बहुतेक गाठी जन्मभर काही त्रास देत नाहीत, हेही ते तितकंच ठासून सांगतात. पण वर्षानुवर्षं गप्प असलेली गाठ झपाट्यानं वाढू लागली, टणक झाली, आवाज बदलला किंवा घास अडकू लागला, तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झालीच पाहिजे. अशा जुन्या गळ्यात कधीकधी कर्करोग असतो, आणि तो वेळेवर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो.

लामता गावचे एक गुरुजी तपासणीच्या नुसत्या नावानं इतके घाबरले की रिपोर्ट घ्यायला येताना मृत्युपत्र करूनच आले. रिपोर्ट चांगला निघाला. साहेबांनी त्यांना चहा पाजला, मृत्युपत्र वाचून काढलं आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. गुरुजी हसत घरी गेले.

आता माझीच गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. किरनापूरच्या माझ्या सासूबाई लग्नात गारी गाण्यात पहिल्या. पाहुणे जेवायला बसले की बाया एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून त्याची टिंगल करतात, ती गारी. सासूबाईंचा सूर लागला की पाहुण्यांचा घास हातातच राहायचा. त्यांच्या गळ्यावर लिंबाएवढा घेंघा मी लग्न होऊन आले तेव्हापासून होता. दिवसभर परक्यांचे गळे पाहणाऱ्या मला घरचा गळा कधी दिसलाच नाही.

धाकट्या दिराच्या लग्नाला साहेब आले. पंगत बसली, बाया गाऊ लागल्या, पण सासूबाई नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. साहेबांनी ताटावरूनच विचारलं, "बाई, तुम्ही काहून गाऊन नाही राह्यल्या?"

"घसा बसला जी," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "लग्नाची धावपळ, अजून का?"

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

लग्न वैशाखातलं होतं. साहेबांनी पाणी मागितलं. सगळ्यांना वाटलं त्यांनाच तहान लागली. त्यांनी पेला सासूबाईंपुढे धरला, तेव्हा कुठे मी घरच्या गळ्याकडे पाहिलं.

सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला. नागपूरला ऑपरेशन ठरलं आणि सासूबाई अडून बसल्या. "आवाजच गेला तं लग्नात मी मुकी बसू का? मले नाही कापू द्याचं." आम्ही रडलो, रागावलो, काही उपयोग झाला नाही. साहेब किरनापूरला आले, ओसरीवर त्यांच्यासमोर बसले. "आवाजाची हमी मी देत नाही," ते म्हणाले. "खोटं बोलून तुमाले नेणार नाही. पण गाठ ठेवली तं आवाजही जाईन अना तुमीही." सासूबाईंनी पदरानं गळा झाकला. मग त्यांनी विचारलं, "तुमी संगं येता का?" "हौ," साहेब म्हणाले.

आणि ते खरंच आले. दवाखान्याला कुलूप लावून ऑपरेशनच्या खोलीबाहेर दिवसभर बाकावर बसून राहिले. आवाजाच्या नसेवर गाठीचा नुसता दाब होता, ती नस वाचली. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, तेव्हा त्यांनी मला आधी जेवून यायला सांगितलं.

कित्येक महिने सासूबाईंचा आवाज कुजबुजीएवढाच होता. त्या रोज सकाळी अनशापोटी थायरॉइडची गोळी घेत आणि गोठ्यात जाऊन गुणगुणत. मागच्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न झालं. साहेब पंगतीत बसले, आणि सासूबाईंनी सूर लावला:

"डॉक्टर आले जेवाले, बसले पाटावर,
भात राह्यला बाजूले, नजर गळ्यावर."

सगळा मांडव हसला. साहेब मात्र घास खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग उघडपणे डोळे पुसले आणि मला म्हणाले, "वरचा सूर नीट लागला."

साहेब पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. सासूबाईंची मात्र इच्छा नाही, हुकूम आहे. माझा मुलगा अजून दहावीत आहे, पण त्याच्या लग्नाची गारी त्यांनी आत्ताच जुळवून ठेवली आहे, आणि तिच्यात नाव साहेबांचंच आहे.