माळवदावरची माती

नातवंडांनो, तुमच्या शाळेत भूकंपाची कवायत होते. बाकाखाली कसं बसायचं, हे तुम्ही मला फोनवर दाखवलंत. आमच्या घनसावंगीकडच्या गावात तसलं काही नाही. पण गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी टॅब घेऊन आमच्या गल्लीत आली. जगभरातली घरं कशाची आहेत, त्यांत किती माणसं राहतात, याचा नकाशा बनतो आहे. जमीन हलली तर कुठे किती धोका, ते त्यावरून कळेल. आमचं गाव तिच्या वाट्याला आलं होतं.

मी जन्माची शिक्षिका. फॉर्म दिसला की मला राहवत नाही. माझ्या घराची माहिती देऊन मी शेजारच्या धाकट्या जाऊबाईंचीही सांगून टाकली, "भिंती सिमेंटच्या."

मुलीने लिहून घेतलं नाही. ती घरामागे गेली. तिथवर गिलावा पोचलाच नव्हता. नुसते दगड आणि माती. इतकी वर्षं शेजारी राहून मी घराचा चेहराच पाहिला होता. मला लाज वाटली, आणि पोरीचं कौतुकही.

मग ती शिडीने माळवदावर चढली. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छप्पर. ते गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. जुना कोणी काढत नाही. उजेडासाठी ठेवलेल्या भोकात तिने हात घातला, तो कोपराच्याही वर आत गेला; मातीचा थर तेवढा जाड झाला होता.

खाली येऊन तिने जाऊबाईंना विचारलं, "आजी, याच्याखाली रात्री किती जण झोपतात?"

"भूकंपाला माझ्या झोपंशी काय करायचंय?"

"दिवसा तुम्ही शेतात असता. रात्री या मातीखाली."

"मी हाय अन् मांजर."

"मांजराचा रकाना नाही, आजी."

"मंग अर्धाच हाय तुमचा नकाशा!"

मुलगी हसली, आणि मग शांतपणे म्हणाली, "हे ओझं फार झालंय. खाट आजच पत्र्याच्या खोलीत न्या, आणि माती हळूहळू उतरवा."

"सासूबाईंनी शिकवलं तशी दरसाल टाकली मी. घर राखलं."

"राखलंत, म्हणून तर थेंब गळत नाही. आता तुम्हाला राखायचंय."

आठवड्याने जाऊबाईंच्या दारात पांढऱ्या मातीचा ट्रॅक्टर दिसला, तशी मी भांडायच्याच तयारीने गेले.

"माघारी लावून राह्यले त्याला, अक्का," त्या म्हणाल्या. "वर बघा की."

माळवदावर दोन मजूर फावड्याने माती ओढत होते. टोपल्या खाली येत होत्या. खाट पत्र्याच्या खोलीत गेली होती, आणि जाऊबाई उकाड्याला शिव्या देत होत्या.

मी मुलीला फोन लावला. तिने विचारलं, "माळवदाखाली आता रात्री किती?"

"कोणी नाही."

जाऊबाई मागून ओरडल्या, "मांजरबी न्हाई म्हणावं!"