गिटारदादांच्या मशीनची खरखर

गिटारदादांचा डावा हात कायम पाठीमागे असायचा. त्यांच्या वरवे गावात नवखा माणूस आला की त्याला वाटे, हा कुणी निवृत्त फौजदार असावा. कारण वेगळंच होतं. चालू मशीनमध्ये एकच हात घालायचा, दुसरा पाठीशी ठेवायचा, म्हणजे विजेचा झटका छातीतून आरपार जात नाही, असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. पुढे ही सवय इतकी मुरली की पंगतीत वाढतानाही डावा हात मागेच. कुणी टोकलं तर म्हणायचे, "विजेचं काम एका हातानं, जेवायचं एका हातानं. मग दुसऱ्याची मधी लुडबूड कशाला?"

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमची गाण्याची पार्टी नसरापूरची. मी तबल्यावर आणि दादा मांडीवर आडवी गिटार घेऊन. ती गिटार वाजायची त्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर. दिव्यांसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचं ते धूड त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणायचो. ते तापायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ दादा शेजारी मान तिरकी करून बसायचे. लोक गाणं ऐकायचे. दादा गाण्याच्या खाली काय चाललंय ते ऐकायचे. एसटीतसुद्धा "मागचं चाक काईतरी बोलतंय" असं ड्रायव्हरला सांगायला जायचे आणि बोलणी खाऊन जागेवर परत यायचे.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. "कारण सापडल्याबिगर आवाज गप झाला म्हनू नगा. दडून बसलाय त्यो."

वेल्ह्याच्या गणपतीत मशीनने दगा दिला. हवा पावसाळी, आणि ऐन गवळणीत अशी खरखर सुरू झाली की जणू कुणी स्पीकरमध्ये शेंगा भाजतंय. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पार्टीच्या मालकांनी तिथेच सांगितलं, "पुढल्या गणपतीपतूर हे बरं करा, न्हाईतर म्या पुण्याचा गिटारवाला आणतो." दादांच्या तोंडचं पाणी पळालं. तो माणूस वर्षभर वेल्ह्याच्या गणपतीची वाट बघत जगायचा.

मग शोध सुरू झाला. गिटारची वायर काढली, तरी खरखर चालूच. म्हणजे गिटार निर्दोष. आवाजाचं बटण पार खाली आणलं, तरी चालूच. म्हणजे चोर बटणाच्या पलीकडे. तुरीच्या काटकीने एकेका व्हॉल्व्हला टिचक्या मारून झाल्या, कुणी कबूल होईना. दादा चिडायचे नाहीत. उलट खरखर थांबली की हिरमुसायचे. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की उन्हाळ्यात मशीन शहाण्यासारखं वागतं, आणि पावसाळ्यातही चांगलं तापलं की गप होतं. "तबलजी, ह्याला ओल बाधतीय. पन नेमकी कुठं?"

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे, चुलीची फुंकणी मागितली. ती निघाली लोखंडी. चालू मशीनमध्ये लोखंड घालणं म्हणजे मरणाला आवतण. मग बांबूची नळी कापून आणली आणि तिच्यातून एकेका व्हॉल्व्हच्या बुडाशी तोंडाची वाफ सोडत गेले. कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हपाशी मशीन तडतडलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा तडतडलं. पोरगं पास झाल्यावर बापाचा होतो तसा दादांचा चेहरा झाला.

मशीन बंद करून, निवू देऊन त्यांनी तो व्हॉल्व्ह उपसला. मी बॅटरीचा उजेड धरला. खालच्या खोबणीत तपकिरी, चिकट थर साचला होता. त्यात कुंकू होतं आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा. आम्हा दोघांना एकदमच उमगलं. दर दसऱ्याला वहिनी मशीनची पूजा करायच्या, नारळ फोडायच्या आणि त्याचं पाणी वरच्या जाळीवर शिंपडायच्या. ते गोड पाणी आत वाळायचं, पावसाळी हवेत पुन्हा ओलं व्हायचं, आणि वीज त्यातून चोरवाटेने पळायची.

दादांनी स्पिरिटने जागा लख्ख पुसली. मग हळूच म्हणाले, "तबलजी, हे हितंच ऱ्हाऊ द्या. तिला कळलं तर जन्मात मशीनला हात लावायची न्हाई. लई जीव हाय तिचा त्याच्यावर."

दोन दिवसांनी मालक ऐकायला आले. मशीन अगदी गप. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या.

"कशानं होत व्हतं, दादा?" मालकांनी विचारलं.

"गप झालंय न्हवं? मग झालं की."

"पन कारण? वेल्ह्याच्या ओलीत पुन्यांदा बोंबललं म्हंजी? तुमीच म्हंता, कारण सापडल्याबिगर गप झालं म्हनू नगा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून वहिनींच्या हातातला चहा घेतला आणि मालकांपुढे ठेवला. मालकांनी चहा संपवला आणि ते उठले.

त्या वर्षी वेल्ह्याला पुण्याचा गिटारवाला आला. चांगला वाजवायचा, पण हे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दादा पुढे भोंगवलीकडच्या लग्नांत एकटे वाजवत राहिले. मशीन पुन्हा कधी खरखरलं नाही, कारण दसऱ्याला पूजेआधी ते त्यावर आपला फेटा चौपदरी अंथरायचे आणि पूजा झाली की लगेच उचलायचे. "द्येवाला वस्तर नगं व्हय?" असं म्हणायचे. वहिनींना ते फार आवडायचं.

दादा गेल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. मग त्यांनी विचारलं, "भावजी, त्या साली ह्यास्नी वेल्ह्याला का न्हेलं न्हाई? म्या इचारलं की गपच बसायचे."

"मशीन जुनं झालं व्हतं, वहिनी."

"व्हय, जुनं तर व्हतंच." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पन म्या त्याची पूजा एक दसरा चुकवली न्हाई."

"म्हनून तर येवढी वर्सं वाजलं," मी म्हणालो.