करपलेला पाक

चिक्कीचा पाक झाला की नाही, हे थेंब पाण्यात टाकून पाहायचं असतं. मी मात्र नुसता पाकाकडे बघत बसलो. दाणे भाजून, सोलून, पोळपाटाला तूप लावून, अगदी हलवायाच्या थाटात! कढईत गुळाचे सोनेरी बुडबुडे फुगत, क्षणभर थांबत आणि अलगद मिटत. दुपारच्या गाडीने लेक सासरी परत निघणार होती, चिक्की तिच्यासाठीच. वाटलं, हा पाक असाच उकळत राहावा. चिक्की होऊ नये, डबा भरू नये, बॅग बंद होऊ नये.

करपल्याचा वास आला तशी बायको धावत आली. तिने कढईत बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, गूळ आणा परत," ती म्हणाली, "आणि सावकाश या. तिला मी उद्याची गाडी बघायला सांगते."