गुरुसिद्धप्पांचा कान

भवानी पेठेत गुरुसिद्धप्पांच्या कानाला मान होता. सोलापुरात रेडिओ दुरुस्त करणारे पुष्कळ, पण मीटर न लावता नुसता कान देऊन रोग सांगणारा एकच, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे त्यात शंकेला जागा नव्हती. रेडिओ टेबलावर आला की ते डोळे मिटत, डावा कान जाळीला लावत आणि ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण करत. खूण बहुतेक वेळा महानंदासाठी असे. ती त्यांची बायको. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, तेव्हा आत भाकरी थापली तरी ती निदानाच्या आड येई.

सव्वीस वर्षांत महानंदाने कधी आवाज करू नये हे पाठ केलं होतं. आणखीही बरंच पाठ झालं होतं. दुकानात वही नव्हती. कुणाचा सेट कधी आला, कशाला आला, आत काय बदललं, सगळं तिच्या डोक्यात. गुरुसिद्धप्पा आतल्या दाराकडे तोंड करून विचारत, आणि उत्तर आलं की गिऱ्हाइकाला म्हणत, "माझ्या ध्यानात होतंच."

चौऱ्याहत्तर साली, दिवाळी नुकती सरली होती, तेव्हा चिंतामणराव आपला सेट घेऊन एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आले. कचेरीत हेडक्लार्क, कपाळावर गोपीचंदनाचं उभं गंध, आणि बोलणं असं की समोरचा रजेचा अर्ज घेऊनच आलाय. सेट पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे आत पाच काचेच्या नळ्या, आणि बाहेर लाकडी पेटी. दुखणं एकच. लावला की वीस मिनिटं ठणठणीत गायचा, मग खरखरायचा आणि मान टाकायचा. थंड झाला की पुन्हा गायला तयार.

पहिल्या खेपेला कानाने एक व्हॉल्व्ह दमला म्हणून सांगितलं. गुरुसिद्धप्पांनी पाचही व्हॉल्व्ह उपटले, पुसले, चार जुने आणि एक नवा असे परत बसवले. दुकानात सेट दिवसभर गायला. घरी गेला आणि चार दिवसांत गप्प झाला. दुसऱ्या खेपेला कानाने दुसऱ्या व्हॉल्व्हवर ठपका ठेवला. पुन्हा तीच उपटाउपटी, पुन्हा दुकानात मैफल, आणि घरी सहाव्या दिवशी शांतता. तिसऱ्या खेपेला कान बराच वेळ काही बोलेना. शेवटी म्हणाला, चासीच गेली. म्हणजे ज्या पत्र्यावर सगळे व्हॉल्व्ह बसतात तो पत्राच कामातून गेला.

"गेली म्हणजे, आपोआप जाते का?" चिंतामणरावांनी विचारलं.

"घरात पाण्याचा हात लागलाय," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

चिंतामणरावांना हे लगेच पटलं. त्यांच्या घरात पाण्यात हात घालणारं माणूस एकच होतं. सेट मोडीत द्यायचा की आणखी कुणाला दाखवायचा हे परवा सांगतो म्हणून ते गेले. घरी काय सांगायचं ते मात्र त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाजी बाजारात महानंदाला त्यांची बायको गोदावरीबाई भेटली. दुपारचा पुण्याचा बायकांचा कार्यक्रम तेवढा ती ऐकत असे. आता नवा सेट आला तरी तो कपाटात कुलपात राहणार होता, आणि किल्ली कचेरीत जाणार होती.

"मी ओल्या हातानं पुसला म्हणे," गोदावरीबाई मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणाली. "मला तर आठवत नाही हो. पण एवढा जाणता माणूस सांगतोय, तर पुसलाही असेल."

महानंदाने मेथी घेतली नाही. ती घरी आली. गुरुसिद्धप्पा जेवून आडवे झाले होते, कानासकट. तिने सेटची पाठ उघडून एक व्हॉल्व्ह हळूच वर काढला. सॉकेटच्या बारीक भोकांच्या कडेला करडा चिखल वाळून बसला होता. शेजारी पत्र्यावर धुळीखाली तीन आडव्या रेघा होत्या, बोटांनी ओढलेल्या.

दुकानातल्या पकडीपासून पंख्यापर्यंत सगळ्याला विभूती होती, त्यामुळे गुरुसिद्धप्पांना ती दिसत नसे. आणि काम तर ते डोळे मिटूनच करत. पण महानंदाला खंडेनवमी आठवत होती. हा सेट तेव्हा डायलचा काटा ओढणारा दोरा तुटला म्हणून आला होता. त्याआधी नऊ वर्षांत त्याची तक्रार नव्हती. व्हॉल्व्ह काढून ठेवलेले, पत्रा उघडा, आणि टेबलावरच्या सगळ्या यंत्रांची गुरुसिद्धप्पांच्या हातून पूजा. ताट तिनेच धरलं होतं. वाटीतल्या विभूतीत पाणी अंमळ जास्त पडलं, तेही तिने सांगितलं होतं. तेव्हा ओठांवर बोट आलं होतं.

गुरुसिद्धप्पा उठल्यावर तिने दाखवलं. व्हॉल्व्ह उपटून बसवला की तेवढ्यापुरती राख खरवडली जाते आणि सेट गातो. मग तापला की जोड पुन्हा सुटतो. रोग व्हॉल्व्हला नव्हता, त्याच्या बसायच्या जागेला होता.

"आता तू मला रेडिओ शिकव," ते म्हणाले.

"रेडिओ न्हाई. खंडेनवमी."

त्यांनी बराच वेळ पत्र्याकडे पाहिलं. मग ब्रश आणि पेट्रोल घेऊन सगळं गुपचूप साफ करावं, नवी सॉकेटं घातली म्हणून सांगावं, असं त्यांनी ठरवलं. ओल्या हाताचं काय, असं तिने विचारलं. ते झालं गेलं, असं ते म्हणाले. महानंदाने पेट्रोलची बाटली उचलली, आत ज्वारीच्या डब्यामागे ठेवली, आणि पदर खोचून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी चिंतामणराव आले तेव्हा सेट उघडाच होता. महानंदा चहा घेऊन आली आणि कप ठेवताना पत्र्यावरची धूळ तिच्या पदराने पुसली गेली.

"हे काय?" चिंतामणराव वाकले. "आमच्या घरात आडवं कोण लावतं?"

गुरुसिद्धप्पांचं बोट सवयीने ओठांवर गेलं.

"तुमच्या घरात कुणी न्हाई," महानंदा म्हणाली. "आमच्या घरात लावतात. पाण्याचा हात हितलाच हाय, अण्णा. दसऱ्याचा."

चिंतामणराव खाकरले. सेट दुरुस्त होतोय हे महत्त्वाचं, असं त्यांचं मत पडलं. झाल्या गोष्टी घरी बायकांच्या कानावर घालायची गरज नाही. गुरुसिद्धप्पांनी तत्काळ होकार भरला. दोघा जाणत्या माणसांचं त्या सेटबद्दल याआधीही असंच एकमत झालं होतं.

"गरज न्हाईच की," महानंदा कप उचलत म्हणाली. "मी कालच सांगून आले."

ती आत गेली आणि भाकरी थापायला बसली, चांगली आवाज करून. थोड्या वेळाने गुरुसिद्धप्पा दारात येऊन उभे राहिले. पेट्रोलची बाटली कुठे आहे, हे त्यांना विचारावं लागलं.