डॉक्टरांच्या गाडीची एरियल

सौंसरचा सुखदेव गजभिये बरीच वर्षं संत्र्याच्या ट्रकवर होता, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. पाठ कुरकुरायला लागली तसा त्यानं ट्रक सोडला आणि वसंतशेठची अँबॅसिडर टॅक्सी हाती घेतली. गाडी शेठची, पण तिला पुसणं-चमकवणं, तिची कुरकुर ऐकणं सगळं सुखदेवकडे. तिची एकच गोष्ट त्याच्या मनासारखी नव्हती. टपावरच्या एरियलच्या बुडाशी पाणी मुरून गंज चढला होता, आणि रेडिओ लावला की नुसती खरखर. पण त्यावाचून त्याचं कधी अडलं नव्हतं. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात अडलं.

त्याची बायको जयवंता बागांमध्ये संत्री तोडायला जायची आणि हात चालू असताना स्वतः जुळवलेल्या ओव्या म्हणायची. बोरगावच्या मीनाबाई मास्तरणींनी त्या ऐकल्या आणि खटपट करून तिला नागपूरला रेडिओ स्टेशनात नेलं. रेकॉर्डिंग झालं. शुक्रवारी दुपारी बायांच्या कार्यक्रमात लागणार, असा निरोप आला. घरी ट्रान्झिस्टर होता, पण दुपारी सुखदेव गाडी घेऊन रस्त्यावर असायचा.

"घरी तर रोजच ऐकता," जयवंता म्हणाली.

"घरचं येगळं. हे रेडिओवरचं हाय."

एरियलचं बोलल्यावर वसंतशेठ हसले. "टॅक्सी चाकावर चालते, सुखदेव. तुले बसवायची तर बसव, पण गाडी अडकली नाही पाहिजे."

दिलीप मिस्त्री म्हणाला, नवीन एरियल नागपूरला मिळेल, पण टपाचं भोक जुळेल याचा भरवसा नाही. याच मॉडेलची मिळाली तर बरं. पांढुर्ण्याला मराठे डॉक्टरांची गाडी तशीच आहे, डॉक्टर गेल्यापासून नुसती उभी आहे.

दुसऱ्याच दिवशी पांढुर्णा स्टेशनची सवारी मिळाली. माणसं उतरवून सुखदेव डॉक्टरांच्या घरी गेला. प्रतिभाबाई, डॉक्टरांची बायको, अंगणात मेथी निवडत होत्या. त्यानं चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हे गाडीत बसले की आधी रेडिओ लावायचे. इंजिन नंतर. काढून घ्या."

"बाई, त्याचं काय द्यायचं?"

"शुक्रवारी मला मोहगावला बहिणीकडे सोडा. आणि बायकोला सोबत आणा. गाणारी बाई बघायची आहे मला."

डॉक्टरांच्या गाडीची एरियल सुखदेवनं तिथंच सोडवली. मात्र टपाला पडलेलं भोक पाहून त्याला बरं वाटेना. पावसाळ्यात पाणी थेट सीटवर पडलं असतं. मग त्यानं आपल्या गाडीची गंजकी एरियल उतरवली, घासूनपुसून ती त्या भोकात बसवली आणि नट आवळला. प्रतिभाबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "बरं केलंत. बोडकी दिसली असती."

आपल्या गाडीत नवी तार घालायची सोय त्यानं आधीच करून ठेवली होती. जुनी तार ओढून काढताना तिच्या टोकाला सुतळी बांधली होती, त्यामुळे सुतळी काचेजवळच्या पोकळ खांबात राहिली. आता तिला डॉक्टरांची तार बांधून हळूहळू ओढली, तशी ती सरळ रेडिओपाशी आली. एरियलच्या बुडाखालच्या जुन्या रबराला चिरा गेल्या होत्या, म्हणून चाकाच्या ट्यूबचा तुकडा कापून तिथं बसवला. रेडिओ लावला. आधी खरखर, मग एक स्वच्छ आवाज: कापसाचे भाव. सुखदेव ते शेवटपर्यंत ऐकत बसला.

शुक्रवारी जयवंता धुतलेलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. ट्रान्झिस्टर तिनं शेजारच्या कुसुमकडे देऊन ठेवला होता. पांढुर्ण्याहून प्रतिभाबाई मागे बसल्या. मोहगावच्या वाटेवर निवेदिकेनं नाव घेतलं, 'जयवंता गजभिये, सौंसर', आणि सुखदेवनं गाडी एका बागेच्या कडेला उभी केली.

*लेक शिकते माही, पाटी तिची काळी,*
*खडूच्या रेघेनं उजळली आळी.*

"हा माह्या आवाज नोहे," जयवंता एकदम म्हणाली. "माह्या इतका बारीक हाय का?"

"तुयाच हाय. चूप राय ना."

ती चूप राहिली, पण थोडाच वेळ. "इथं मी दम घेतला. इथं काऊन घेतला असन?" मागून प्रतिभाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओव्या संपेपर्यंत तो तसाच राहू दिला. बागेतली दोन-चार माणसं कुंपणापाशी येऊन ऐकत उभी होती. त्यातल्या एकानं विचारलं, "कोन बाई म्हणून राहिली हे?"

सुखदेवनं बायकोकडे बोट दाखवलं. जयवंतानं पदर तोंडावर घेतला, पण पदराआड ती हसत होती.

नंतर तिला आणखी दोनदा नागपूरला बोलावणं आलं. सुखदेव टॅक्सी चालवत राहिला. लांबच्या सवारीला तो कधीमधी सांगायचा, "आमच्या घरची रेडिओवर म्हणते जी." सवारीनं विश्वास ठेवला तर खुश व्हायचा, नाही ठेवला तरी त्याचं काही बिघडायचं नाही. त्या शुक्रवारी मोहगावला पोचल्यावर प्रतिभाबाईंच्या बहिणीनं सगळ्यांना भरीत-भाकर वाढली, आणि जयवंतानं चुलीपुढे बसून त्या दोघी बहिणींना आणखी चार ओव्या ऐकवल्या. या वेळी दम कुठं घ्यायचा, ते तिला बरोबर साधलं.