परिवाराची ओळ

निरगुडसरच्या गोरखनं माइक हातात घेतला की पंगतीत जेवणारी माणसंही मान वर करून ऐकतात. लग्न, वास्तुशांत, सत्कार, दशक्रिया... आंबेगाव-जुन्नरमधला कुठलाच मांडव त्याला परका नाही. अशा माणसाला आमच्याकडे निवेदक म्हणतात. लग्नात काय, दोन शायऱ्या मारल्या तरी खपून जातं. खरी कसोटी लागते ती दहाव्याला, नदीच्या घाटावर. तिथं वारलेल्या माणसाचं सगळं गोत समोर बसलेलं असतं आणि त्याला तो माणूस तुमच्याहून जास्त ठाऊक असतो.

गोरखची मुलगी संस्कृती पुण्यात शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिनं बापाच्या मोबाइलमध्ये ते एआयचं ॲप टाकून दिलं. गोरखनं लगेच हुकूम सोडला, 'श्रद्धांजलीचं भाषण लिहून दे.' उत्तर आलं ते एखाद्या मंत्र्याला शोभेल असं. कांदा-बटाटा करणाऱ्या साध्या म्हाताऱ्याचा त्यात युगपुरुष झाला होता! संस्कृती हसून हसून बेजार झाली. "पप्पा, त्याला नीट सांगा ना. माणूस कोण, ऐकणारे कोण, किती वेळ बोलायचंय."

गोरख तसा चटकन शिकणारा. 'वाक्यं आखूड ठेव, जड शब्द नको, समोर म्हातारी माणसं बसतात' असं तो सांगू लागला. पहिलं उत्तर कधी उचलायचं नाही, नावं ठेवून माघारी धाडायचं, की दुसरं बरं येतं, हेही त्याला कळलं. बॅनरची चित्रंसुद्धा तो मशीनकडून काढून घेई. पण शिवनेरी मागितला तर कुठला तरी घुमटांचा महाल आला, आणि 'शुभविवाह' अशी अक्षरं मागितली तर ती देवालाही वाचता येऊ नयेत अशी आली. तेव्हापासून मशीनकडून नुसती फुलं आणि पाठीमागचा रंग घ्यायचा. अक्षरं आणि माणसाचा खरा फोटो आपला आपण लावायचा. नारायणगावच्या चहाच्या टपरीवर दुसरे निवेदक विचारत, तेव्हा तो हे सगळं हातचं न राखता सांगे.

एका गोष्टीवर मात्र तो आवाज चढवून बोले. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' ही ओळ मशीन कुणाला न विचारता, आपल्या मनानंच लिहून मोकळं होतं. ठाऊक नसलं तरी तसं कबूल करणं त्याच्या स्वभावातच नाही. "ती ओळ आधी कापायची, राव. घरच्यास्नी फोन लावायचा आन् आपल्या हातानं लिवायची. न्हाईतर बिनापोराच्या माणसाला पोरं व्हतील!" टपरीवर सगळे हसत.

माघात त्याची चुलती कुशाबाई गेली.

गोरख रांगत होता तेव्हाच त्याची आई वारली होती. चुलता जानकू आणि कुशाबाई यांना मूल नव्हतं. कुशाबाईनं पोराला उचललं ते कायमचंच. शाळेत तो पहिल्यांदा भाषणाला उभा राहिला, तेव्हा ती शेतातून परस्पर आली आणि हातात विळा घेऊन खिडकीबाहेर थांबून ऐकत राहिली. लहानपणी तो एकदा तिला आई म्हणाला, तर जानकू म्हणाला, "आई म्हनू नगं. त्यो शब्द वयनीचा हाय. ती गेली म्हनून तिचा हक्क जात न्हाई." जानकू वहिनीला फार मानायचा, आणि त्याचं बोलणं अन्यायाचंही नव्हतं. कुशाबाई म्हणाली, "काकीच म्हन, बाबा," आणि चुलीकडं वळली. गोरख तिला जन्मभर काकीच म्हणत आला.

आता तिच्या दहाव्याला बोलायचं होतं. एवढ्या परक्यांसाठी घसा फोडला, तर या एका बाईसाठी निदान एक वाक्य धड निघावं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि तेच निघेना. शेवटी त्या दिवशी सकाळी त्यानं मशीनला सांगितलं, 'कुशाबाईवर लिही. मला तिनं लहानाचं मोठं केलं.' आलेलं भाषण त्यानं नीट वाचलंसुद्धा नाही. डोळे भरलेले होते. आणि परिवार विचारायला फोन तरी कुणाला लावणार? घर तर आपलंच.

घाटावर कावळा पिंडाला शिवला, मंडळी बसली. गोरख मोबाइलकडं बघून वाचू लागला. कष्ट, माया, सोशिकपणा... सगळं ठाकठीक चाललं होतं.

"कुशाबाईंच्या पश्चात पती, एक मुलगा, सून, नातवंडं असा..."

तो थबकला. भावकीतलं कुणीतरी खाकरलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. निपुत्रिक म्हणून त्या बाईला ज्यांनी ओटीभरणाला मागं बसवलं होतं, त्याही तिथंच होत्या. जो नियम दुसऱ्यांना शिकवत हिंडला, तोच गोरखनं स्वतःच्या घरी मोडला होता.

"माफ करा, मंडळी. ही ओळ चुकून आली. काकीला..."

पुढं बसलेला जानकू गुडघ्यावर हात ठेवून उठला. डोक्याचं नुकतंच मुंडण झालेलं, अंगावर ओला पंचा. तो असा चारचौघांत बोलणारा माणूस नव्हे.

"काय चुकलं?"

"नाना, एक मुलगा म्हणून पडलंय."

"मग बरुबर हाय की." जानकूनं खांद्यावरचा पंचा सावरला. "कापू नगं ती ओळ."

"पर नाना, तुमीच..."

"वयनीला मी सांगंन. आता लई दीस न्हाईत, भेटंलच ती मला. न्हाई म्हनायची न्हाई ती."

गोरखनं मोबाइल खिशात टाकला आणि माइक तोंडाशी धरला. दोन तालुके ज्या आवाजाला ओळखतात तो आवाज दोनदा चिरकला.

"माझी आई," तो म्हणाला, "कुशाबाई," आणि माइक हातात तसाच धरून खाली बसला.