तळीला पाचवा हात

देवावर माझा विश्वास होता, पण त्याच्याकडं काही मागायची वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. खंडोबा आमचं कुलदैवत. पौषात पालीला जायचं, भंडारा उधळायचा आणि घरी येऊन पुन्हा मोटारीखाली शिरायचं, असा माझा आणि देवाचा सरळ व्यवहार होता. बाकीचा सगळा भरवसा माझ्या दोन हातांवर. त्या वर्षी पौषातच एका सकाळी विट्याच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोचं पोट तपासलं, हात धुतले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "आतड्याला सूज आलीय. ते आत फुटलं तर काही चालणार नाही. आजच्या आज मिरजेला न्या." माझ्या लगेच मनात आलं, आपली मोटार दारात आहे. मिरज म्हणजे काय लंका आहे?

त्या मोटारीबद्दल थोडं सांगायला हवं. पाचगणीच्या एका पारशी गृहस्थाकडून ती मी घेतली तेव्हाच तिनं घाट चढून उतरून निम्मं आयुष्य घालवलं होतं. मैल मोजणारा काटा फिरून फिरून दमला आणि कायमचा थांबला. त्यात लढाईचे दिवस. पेट्रोल कुपनावर, टायर डोळ्यांना दिसत नव्हते आणि सुटे भाग मागितले तर दुकानदार हसायचे. पण मी हटणारा नव्हतो. टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा चांभाराकडून शिवून घ्यायचा. पंख्याचा पट्टा तुटला तर विहिरीवरच्या जुन्या मोटेच्या चामड्याचा नवा कापायचा. इंजिनातलं काळं तेल घागरीत निवळत ठेवायचं आणि वरचं वरचं धोतराच्या फडक्यातून गाळून पुन्हा ओतायचं. रेडिएटर झिरपू लागला तर पाण्यात मूठभर हळद टाकायची. हळद फुगून बारीक भोकांत जाऊन बसते आणि गळती थांबते. आमच्या स्वयंपाकघरातली निम्मी हळद त्या मोटारीनं खाल्ली. बायको तिला सवत म्हणायची. "आवं, मला न्हाई कवा एवढं तेल लावून पुसलंत," असं म्हणून हळदीचा डबा लपवायची. लोक गाडीला खटारा म्हणत, पण सातारा-सांगलीच्या कुठल्याही रस्त्यावर तिनं मला पायी घरी यायला लावलं नव्हतं, याचा मला भारी अभिमान होता.

आईनं मागच्या बाकावर बसून बायकोचं डोकं मांडीवर घेतलं. मी हँडल मारलं आणि तासगावच्या रस्त्याला लागलो. खड्डे चुकवत, जपून, पण वेगानं. बायको आधी कण्हत होती, मग नुसती ओठ दाबून पडून राहिली. ते गप्प होणं मला कण्हण्यापेक्षा वाईट वाटलं, म्हणून मी पाय आणखी दाबला. उघड्या माळावर आल्यावर एका चरातून गाडी अशी आदळली की पुढं काहीतरी तुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळात बॉनेटखालून वाफेचा लोट उठला, इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. उतरून पाहिलं तर रेडिएटरचा सांधा उकलला होता आणि होतं नव्हतं ते पाणी रस्त्यात सांडून संपलं होतं. हळदीचा डबा नेहमी सीटखाली असायचा. घाईत तो घरीच राहिला होता. सांगलीच्या हळदीच्या पेठेकडं जाणाऱ्या रस्त्यावर मी चिमूटभर हळदीवाचून अडलो होतो.

रस्त्यालगतच धनगरांचा वाडा मुक्कामाला उतरला होता. मेंढरं माळावर पांगलेली होती. मी धावत गेलो. एका म्हातारीनं काही न विचारता पाण्याची घागर माझ्या हातात दिली. मी हळद मागितली तशी तिनं नाही म्हणून मान हलवली. तिथं तिचा म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "हळद न्हाई पावणं. पर कालच पालीसनं आलोय, देवाचा भंडारा हाय." मला ओशाळल्यासारखं झालं. देवाची हळद इंजिनात कशी ओतायची? माझा चेहरा बघून म्हाताराच म्हणाला, "भंडारा उधळायसाठीच असतोय की. तुमच्या मोटारीत उधळू. फकस्त तळी भरल्याबिगर त्येला हात लावत न्हाईत. चला, तितंच भरू."

मी घागर घेऊन पुढं पळालो. फडक्यानं रेडिएटरचं झाकण फिरवून उघडलं, आणि आता पाणी ओतणार तोच म्हातारा आणि त्याचे तीन मुलगे ताट घेऊन पोचले. ताटात भंडाऱ्याची रास, खोबरं, पान, सुपारी. म्हातारा म्हणाला, "ठिवा ती घागर खाली. तळीला पाच माणसं लागत्यात, आमी चौघंच हाय. पाचवा हात तुमचा."

मी संतापलो. माझी बायको मरणाच्या दारात आणि यांना तळी सुचतेय! "म्हातारबा, आदी पाणी ओततो, मग तुमची तळी," मी ओरडलो. म्हातारा हलला नाही. त्याला मोटार कशी चालते ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. त्याला तळी ठाऊक होती. एवढ्यात गाडीतून आईचा आवाज आला, "हात लाव रं बाबा. देवाला नगं म्हनू नगंस."

आईपुढं माझं काही चालत नाही. घागर खाली ठेवली आणि ताटाला दोन्ही हात लावले. म्हाताऱ्यानं कसलीही घाई केली नाही. एकेका देवाचं नाव घेतलं, आपल्या वाडवडिलांचं घेतलं, मेंढरांसाठी मागितलं, मग मला विचारून माझ्या बायकोचं नाव घेतलं. ते तिचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझा राग कुठच्या कुठं गेला. डोळे भरून आले. 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत आम्ही ताट पुन्हा पुन्हा उचललं. त्यानं खोबरं फोडलं, आमच्या कपाळांना भंडारा लावला, बायकोच्याही लावला. मग उरलेला सगळा भंडारा मी पाण्यात कालवून हळूहळू रेडिएटरात ओतला, फटीवर चामड्याची पट्टी आवळून बांधली. पिवळी धार आधी जोरात, मग थेंब थेंब झाली आणि थांबत आली. गाडीतून क्षीण आवाज आला, "सवतीला हळद लागली म्हनायची." आई रडता रडता हसली.

धनगरांच्या पोरांनी गाडी ढकलली, इंजिन बोललं. वाटेत दोनदा पाणी घालावं लागलं, पण मिरज गाठली. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अगदी वेळेवर आणलंत." आई जागच्या जागी हात जोडून बसली. मी मोटार पाहायला म्हणून बाहेर आलो.

बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला, कुठं तडा गेलाय का ते बोटांनी चाचपलं, आणि तेव्हा कुठं मला उमगलं. कोरड्या, लाल तापलेल्या इंजिनात पौषातलं गार पाणी ओतलं की लोखंड तडकतं. मग ती मोटार कायमची गेली. ही गोष्ट मी विट्याच्या प्रत्येक नवशिक्या ड्रायव्हरला दटावून सांगत आलो होतो, आणि तिथं माळावर मीच झाकण उघडून घागर उचलली होती. म्हाताऱ्यानं देवांची नावं सावकाश घेतली, तेवढ्या वेळात इंजिन निवलं. तिथंच मडगार्डवर बसून मी पोरासारखा रडलो.

याला चमत्कार म्हणावं की नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मोटार मी अजूनही माझ्याच हातांनी दुरुस्त करतो आणि ती अजून पळते. हातांवरचा भरवसा कमी झालेला नाही, पण हे हात देवानं दिलेत आणि कधी थांबवायचे तेही त्यालाच कळतं, एवढं मात्र पक्कं झालं. शरण जाणं म्हणजे मला तरी एवढंच समजलं. त्या दिवशी देवानं मला काही दिलं नाही, ताट धरायला माझे दोन्ही हात मागून घेतले. ते मी दिले, म्हणून आज माझ्या घरात चूल पेटवणारं माणूस आहे.